उभा कडा

पिंपळसांगवी, ता. निफाड
१७ एप्रिल १९७७

मल्हारी भाऊजींस सगुणा वहिनीचा जयभीम.

जयंतीला तुमची वाट पाहिली. तुमच्या दादांनी नवा खाकी सदरा तुम्हाला दाखवायला धुऊन ठेवला होता. खाणीवर राखणदाराची नोकरी तुमच्यामुळं लागली हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. दिवसातून दोनदा चहाला घरी येतात आणि म्हणतात, "साहेबाचा भाऊ हाय मी, साखर नीट टाक."

एक गोष्ट लिहू का नको असं झालं होतं. आपल्या पट्टीच्या खाली कादवा नदीच्या काठाला गोट्यांचा जो दांडा होता, तिथं आता मशीन लागलं. त्या गोट्यांत टिटव्या अंडी घालायच्या. अंडी गोट्यासारखीच, पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. परवा ट्रकच्या चाकाखाली तीन जागची अंडी गेली. एक टिटवी दोन दिवस ट्रकवर धावून जात होती आणि क्लीनर हसत होता. डोहात पाणमांजरांची जोडी असायची, तीही दिवाळीपासून दिसली नाही. तुमच्या दादांना म्हटलं, तर ते म्हणाले, "पाणमांजर पगार देतं का?" त्यांचंही बरोबर हाय. पण खाणीची जागा तुम्हीच नेमून दिली, तुम्ही शिकलेले, म्हणून लिहिलं. राग मानू नका.

सगुणाबाई


नाशिकरोड
२५ एप्रिल १९७७

वहिनींस सविनय जयभीम.

राग कसला? तुमचं पत्र दोनदा वाचलं. कालव्याच्या कामाला गोटे हवे होते आणि खाणीसाठी तीन जागा पाहिल्या होत्या. त्यांतली आपल्या गावची मी निवडली. त्या वेळी रोजनिशीत तीन कारणं लिहून ठेवली होती: रस्ता जवळ आहे, गोटे स्वच्छ आहेत, दादाला काम मिळेल. आज ते पान काढून पाहिलं. तिसरं म्हणून लिहिलेलं कारण मनात पहिलं होतं, असं आता वाटतं. ते चुकीचं होतं की नाही, हे मात्र मला ठरवता येत नाही.

टिटव्यांबद्दल मी काही करू शकत नाही. पण एक गोष्ट केलेली आहे. गोटे काढून झाले की ठेकेदारानं खड्डा भरायचा, कडे मोडून उतार काढायचा आणि वर झाडं लावायची, अशी अट करारात मी स्वतः घालून घेतली. आमचे साहेब म्हणाले, "निरभवणे, नदीकाठी काय बगीचा काढायचाय का तुम्हाला?" पण अट राहिली. बारा फुटांपेक्षा खोल जायचं नाही, हीसुद्धा अट आहे आणि मोजमाप घ्यायला मी स्वतःच येत असतो. काही वर्षांनी तिथं खाण होती हे ओळखूसुद्धा येणार नाही.

दादाला सांगा, सदरा बघायला येतो.

आपला
मल्हारी


नाशिकरोड
३० सप्टेंबर १९७९

वहिनींस,

दादाच्या जलदान विधीहून परत येऊन आठ दिवस झाले. रोज पत्र लिहायला बसतो आणि कागद टाकून देतो.

तिथं लोक काय काय बोलत होते. कुणी म्हणालं, नदी चढत असताना खाली उतरायला नको होतं. ठेकेदाराचं पाणी उपसायचं इंजिन तळाशी राहिलं होतं आणि राखणदार म्हणून दादा ते ओढायला गेला. इंजिन वाहून गेलं असतं तर मान खाली गेली असती ती माझी, म्हणून गेला. वरचा कडा सुटून त्याच्यावर आला तेव्हा भरदिवसा वीस माणसं काठावर होती आणि कुणाला काही करता आलं नाही.

ठेकेदारानं गाशा गुंडाळला आहे. खड्डा बुजवायची अट कागदावर आहे, माणूस जागेवर नाही. पण मी तुम्हाला शब्द देतो, तो खड्डा मी बुजवून घेईन. किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती आज लिहिता येत नाही.

मल्हारी


पिंपळसांगवी
९ ऑक्टोबर १९७९

भाऊजींस जयभीम.

बुजवा. पाण्याला जाताना दिसतो, सरपणाला जाताना दिसतो. डोळ्यांपुढून न्या तो.

मैना आणि जावई येऊन गेले. निफाडला चल म्हणतात. मी गेले नाय.

सगुणाबाई


पिंपळसांगवी
२१ एप्रिल १९८२

भाऊजींस जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. खड्डा बुजवायचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला म्हणून तुम्ही लय मनाला लावून घेतलं. लावून घेऊ नका.

इकडची एक हकीकत लिहिते. जिथं ढासळलं तिथं कडा अगदी उभा निघालाय, भिंतीवाणी. त्याच्यात गेल्या दोन उन्हाळ्यांपासून राघूंनी बिळं केलीत. पोपट नव्हं, ते बारके हिरवे, डोकं तांबूस आणि शेपटीला तार असते ते. गेल्या साली अकरा बिळं होती, यंदा सत्तावीस. चोचीनं माती उकरतात आणि पायांनी मागं उडवतात. हातभर खोल जातात. नर मधमाशी धरून आणतो, वरच्या विजेच्या तारेवर बसून तिला आपटून आपटून तिचा काटा काढतो आणि मग मादीला देतो. खाली खड्ड्यात पाणी साचून पाणकणीस वाढलंय, तिथं चतुर उडतात, तेही धरतात.

मी संध्याकाळी तिथं जाऊन बसते. शेजारच्या गेणूची बायको म्हणते, "बाई, नवरा जिथं गेला तिथं जाऊन बसतीस, भ्या वाटत नाय?" तिला काय सांगायचं?

तब्येत जपा.

सगुणाबाई


नाशिकरोड
६ मे १९८२

वहिनींस सविनय जयभीम.

तुमचं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी मैना भेटली. तीही सांगत होती की तुम्ही रोज त्या कड्यापाशी जाता, अंधार पडेपर्यंत उठत नाही, कुणी हाक मारली तर ओ देत नाही.

मला तुमची काळजी वाटते. रोजनिशीत लिहिलेलं तसंच उतरवतो: "वहिनींना त्या जागेनं धरून ठेवलं आहे. खड्डा आहे तोवर त्यांचं दुःख उघडं राहणार. काम लवकर व्हायला हवं." पक्ष्यांचं तुम्ही लिहिलंत ते छान आहे. मन रमत असेल तर चांगलंच. पण तो कडा एकदा पडलेला आहे, पुन्हा पडेल. कृपा करून जवळ बसू नका.

वरच्या कचेरीत एक नवे साहेब आले आहेत. ते कागद वाचतात, असं म्हणतात.

मल्हारी


पिंपळसांगवी
१८ नोव्हेंबर १९८४

भाऊजींस जयभीम.

नव्या साहेबांनी जागा पाहून नेली हे समजलं. तुम्ही आपल्या जिवाला किती त्रास करून घेता? पाच वर्षं झाली. माझ्यासाठी म्हणून करत असाल तर आता राहू द्या. मी नीट हाय. खड्डा असला काय, नसला काय. तुमची बदली करतील, तुमच्यावर शेरे मारतील, ते नको.

यंदा एकेचाळीस बिळं होती.

घरी सगळ्यांना जयभीम.

सगुणाबाई


नाशिकरोड
१४ मार्च १९८५

वहिनींस सविनय जयभीम.

मंजुरी आली! एवढ्या वर्षांत इतक्या आनंदानं तुम्हाला पत्र लिहिलं नव्हतं. तुम्ही नोव्हेंबरात "राहू द्या" लिहिलंत, ते मला त्रास नको म्हणून, हे मला समजत होतं. म्हणूनच थांबलो नाही.

दोन बुलडोझर येतील. कडे मोडून उतार काढतील, खड्डा भरतील, वर काळी माती पसरतील आणि सुबाभळीची चारशे रोपं लावतील. वर्षाचा निधी एकतीस मार्चच्या आत संपवायचा असतो, नाहीतर परत जातो, म्हणून सगळं या पंधरा दिवसांत होईल. मला उद्यापासून कळवणला जावं लागतंय, तिथली वर्षअखेरीची कामं माझ्या गळ्यात आहेत. जागेवर मुकादम असेल. त्याला तुमचं नाव सांगून ठेवलं आहे, काही लागलं तर त्याला सांगा.

सत्त्याहत्तर साली मी तुम्हाला लिहिलं होतं, तिथं खाण होती हे ओळखू येणार नाही. निदान एवढं तरी खरं होतंय.

मल्हारी


पिंपळसांगवी
१९ मार्च १९८५

भाऊजींस जयभीम.

तुमचं पत्र आज पावलं, लगेच लिहिते. काम थांबवता येतं का बघा. कायमचं नको, जेठापर्यंत. कड्यात राघू बसलेत. काही बिळांत अंडी हायेत, काहींत पिल्लं ओरडतात, कान लावला की ऐकू येतं. दोन महिन्यांनी पिल्लं उडून जातील, मग काय करायचं ते करा. नाही केलं तर लय बरं.

मी नोव्हेंबरात राहू द्या म्हटलं ते तुमच्या त्रासासाठी नव्हतं. मला तो कडा हवा होता. सरळ लिहायला लाज वाटली. ज्यानं नवरा नेला तोच कडा ठेवा, असं कसं लिहू? लोक काय म्हणतील ते सोडा, तुम्ही काय म्हणाल?

त्यांना बाहेर काढलं तेव्हा मी त्या कड्याकडं बघायचं नाय असं ठरवलं होतं. दीड वर्ष बघितलं नाय. मग एक दिवस तिथून हिरवं काही उडालं. तेव्हापासून मला झोप लागते.

थांबवा.

सगुणाबाई


नाशिकरोड
३ एप्रिल १९८५

वहिनींस,

काल रात्री कळवणहून आलो. तुमचं पत्र घरी बावीस तारखेला आलं होतं. टेबलावर ठेवलेलं होतं. सौ. म्हणाली, "गावचं पत्र आहे, खुशालीचं असेल, म्हणून कळवणला पाठवलं नाही." तिचा दोष नाही. माझा आहे का, ते अजून समजत नाही.

काम पूर्ण झाल्याचा मुकादमाचा कागद सकाळी कचेरीत मिळाला. एकोणतीस तारीख. त्यावर "समाधानकारक" असा शेरा आहे.

मला लिहा. काहीही लिहा.

मल्हारी


पिंपळसांगवी
११ एप्रिल १९८५

भाऊजींस जयभीम.

काय झालं ते लिहिते.

सव्वीसला मशीन आलं. मी कड्यापुढं जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर पोरसवदा होता. म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा. माझी हजेरी काय तुम्ही लावणार?" मी म्हटलं, "दोन महिने थांब." तो म्हणाला, "दोन महिने! मला उद्या चांदोरीला जायचंय." मग मुकादम आला. चांगला माणूस होता, हात जोडले त्यानं. म्हणाला, "निरभवणे साहेबांच्या वहिनी ना तुम्ही? अहो, साहेबांनीच पाच वर्षं भांडून हे काम आणलंय. साहेबांच्या घरच्यांनीच अडवलं तर साहेबांची काय राहील?"

मग मी बाजूला झाले.

दुसरं कुणाचं काम असतं तर झाले नसते. बाया गोळा केल्या असत्या, आडवी पडले असते. तुमच्या कामाला मी कशी आडवी येऊ? तुमच्या दादांनी जन्मभर तुम्हाला खाली बघायला लावलं नाय.

कडा वरून खाली लोटला. मोठे राघू अगोदरच उडाले. लोटून झाल्यावर ते परत आले. चोचीत चतुर होते. जिथं बिळं होती तिथं हवेत एका जागी फडफडत थांबायचे, मग तारेवर जाऊन बसायचे, मग परत यायचे. तीन दिवस असं केलं. चोचीतलं टाकत नव्हते. चौथ्या दिवशी एकही नव्हता.

काम चांगलं झालंय. उतार एकसारखा हाय. रोपांना मी पाणी घालते, त्यांचा काय दोष?

सगुणाबाई


नाशिकरोड
२० एप्रिल १९८५

वहिनींस,

तुमचं पत्र मी रोजनिशीत अक्षर न अक्षर उतरवलं. का, ते माहीत नाही. शिक्षा म्हणून असेल, किंवा पुढे मी स्वतःशी खोटं बोलेन म्हणून.

ब्याऐंशी साली तुम्ही सत्तावीस बिळं लिहिलीत, चौऱ्याऐंशीत एकेचाळीस. मी आकड्यांचा माणूस, आणि मला ते आकडे वाचता आले नाहीत. मी तुमचं दुःख माझ्या मनाप्रमाणे ठरवून टाकलं, कारण मला ते बुजवायचं होतं. तुमच्यासाठी की माझ्यासाठी? यापुढचं वाचून तुम्हीच ठरवा. एकोणऐंशी साली जे लिहिता आलं नाही ते आता लिहितो.

खाणीची खोली बारा फुटांच्या आत असायला हवी होती. शेवटचं मोजमाप त्या मे महिन्यात मी घेतलं. घेतलं म्हणजे ठेकेदाराच्या मुकादमानं "बारा" म्हटलं आणि मी बारा लिहिलं. फार ऊन होतं, टेप जीपमध्ये होती, दादानं घरी जेवायला थांबवलं होतं. नंतर मोजलं तेव्हा अठरा फूट भरलं. बारा फुटांचा कडा असता तर तो त्याच्यावर असा आला नसता. साडेपाच वर्षं मी तो खड्डा बुजवण्यासाठी धावत होतो. त्यात काय बुजवायचं होतं, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

मल्हारी


पिंपळसांगवी
५ मे १९८५

भाऊजींस जयभीम.

टेपचं मला माहीत होतं.

तुम्ही जेवून गेलात त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "भाऊनं आज टेप लावली नाय. खड्डा अठरा फुटांहून कमी नाय." मी म्हटलं, मग सांगायचं होतं त्यांना. तर म्हणाले, "मुकादमासमोर सांगू? लहान भावाला? जाऊ दे, पाऊस पडला की भरतोच खड्डा." आणि मला म्हणाले, कुणाला बोलू नको. मी बोलले नाय. मलाही तेवढाच दोष लागतो.

आता एक विचारते. तुम्ही इंजिनिअर आहात. मी कुदळ घेऊन त्या उतारात हातभर उभं तासून बघितलं. तासलं की ढासळतं. भरावाची माती मूळच्या मातीवाणी उभी राहायला किती पावसाळे लागतात? खरं सांगा, खात्याचं नको.

सगुणाबाई


नाशिकरोड
१ जून १९८५

वहिनींस सविनय जयभीम.

खात्याच्या हिशेबानं भराव चार पावसाळ्यांत बसतो. खरं सांगायचं तर, उभा कडा धरेल अशी ती माती तुमच्या-माझ्या हयातीत होणार नाही. नदीनं ती थरावर थर घालून रचली होती. आपण ती नुसती ओतली आहे.

पण वर आपली पट्टी आहे. तिच्या नदीकडच्या कडेची माती अजून कुणी हलवलेली नाही. त्या कडेला माझ्या हिश्शाची वीस हात जमीन आहे. ती उभी तासली तर कडा निघेल. पीक जाईल, पण तिथं बाजरीसुद्धा धड येत नाही. पक्षी येतील का, हे मला माहीत नाही. एकदा उठलेली जागा ते पुन्हा धरतात की नाही, हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही.

या वेळी अगोदर विचारतो. तुम्हाला हवं आहे का? मला त्रास होईल म्हणून नाही म्हणू नका, आणि मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका.

मल्हारी


पिंपळसांगवी
९ जून १९८५

भाऊजींस जयभीम.

हवं हाय.

पण कडा छातीएवढाच, त्याहून उंच नाय. पावसाळा सरला की या. कुदळ आणू नका, त्यांची घरात हाय. जेवायला थांबायचं ते काम झाल्यावर.

सगुणाबाई


पिंपळसांगवी
२ मे १९८७

भाऊजींस जयभीम.

कड्याचा हा दुसरा उन्हाळा. गेल्या साली कुणी आलं नाय हे तुम्ही पाहिलंच. यंदा फाल्गुनात चार राघू आले. दोन दिवस तारेवर बसून होते. एकानं कड्याला चोच लावली, दोन बोटं माती उकरली आणि उडाला. मग आले नाहीत. आता उन्हाळा संपत आला, यायचे नाहीत.

ती उकरलेली खूण अजून हाय. मी बोट घालून बघितलं. मग वाटलं, घालायला नको होतं.

खालच्या सुबाभळी माणसाच्या वर गेल्या. तिथं चिमण्या असतात. टिटव्या कुठंच नाहीत.

गेणूची बायको हसते. म्हणते, "साहेबानं एक खड्डा बुजवला आणि दुसरा खणला." मी म्हटलं, "हो, खणला. तू बघायला ये एकदा." आली नाय अजून.

गेल्या पावसाळ्यानं कड्याची वरची कड गोल झालीय. यंदाच्या पावसात आणखी झडेल. उभा नसेल तर ते बसणारच नाहीत. तेव्हा दिवाळीनंतर पहिल्या रविवारी या, पुन्हा तासायचाय. तासताना खालूनही खोल जातो, छातीच्या वर गेलाय का ते अंदाजानं समजत नाय.

येताना टेप आणा. एक टोक मी धरते.

सगुणाबाई